जुलैत फ्रीजरच्या बेऱ्या

१५ जुलै, मंगळवार. दाब १६८/९६.

नर्स म्हणाली, रोज रक्तदाबाचा आकडा लिहायचा आणि शेजारी ‘आज कसं वाटलं’ तेही लिहायचं. आज कसं वाटलं? तिडीक आली. अठ्ठावीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे पोरांना वाढलं, तेव्हा कोणी विचारलं नाही कसं वाटतंय म्हणून. वर म्हणे, “हिल्का, चिडचिड आतल्या आत ठेवू नकोस, कागदावर काढ.” मी आतल्या आत ठेवते असं हिला सांगितलं कोणी? ताइस्तोला विचार म्हणावं.

ताइस्तो म्हणजे माझा नवरा. चव्वेचाळीस वर्षं झाली. जन्मभर जंगलात झाडं तोडली, आता निवृत्त आहे आणि माझ्या पायात पायात येतो.

आजची चिडचिड अशी. रान निळं झालंय. शेजारच्या पेंतीनं रविवारीच दोन बादल्या बेऱ्या आणल्या आणि मुद्दाम आमच्या कुंपणाजवळून नेल्या. आमचा माणूस मात्र म्हणतो, “अजून पिकल्या नाहीत.” उद्या पहिली पाई धक्क्यावर जायला हवी होती. सव्वीस उन्हाळे झाले, धक्क्यावरच्या कॉफीघरात बुधवारी आणि शनिवारी माझीच पाई असते. आधी साइलाच्या आईचं कॉफीघर होतं, आता साइलाचं आहे. दारावर पाइनची पाटी आहे, ताइस्तोनंच तापल्या सळईनं अक्षरं कोरलेली: हिल्काची पाई. आज तोडलेल्या बेऱ्यांची.

हिवाळ्यात मीही फ्रीजरच्याच बेऱ्या वापरते, त्यात लाज कसली. पण जुलैत, सगळं रान पिकलेलं असताना फ्रीजर उघडायचा? हाउकिनिएमीत अशा बाईच्या घरची कॉफीसुद्धा कोणी पिणार नाही.

ताइस्तोची बेऱ्यांची जागा कुठं आहे ते इथं लिहिणार नाही. नर्सचा नवरा पण बेऱ्या तोडतो.

१६ जुलै, बुधवार. दाब १७०/९५.

पहाटे गेला, दुपारी आला, बादली रिकामी. “पिकल्या नाहीत.” मी म्हटलं, “पेंतीच्या रानात काय वेगळा सूर्य उगवतो?” बोलला नाही. बूट काढले आणि बसून राहिला.

जाताना मी सांगितलं होतं, पाऊस येईल, रेनकोट ने. म्हणून नेला नाही. ‘नेऊ नकोस’ म्हटलं असतं तर दोन नेले असते. या माणसानं आजवर माझं एक वाक्य सरळ ऐकलं असेल तर शपथ. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी मला युक्ती कळली: हवं असेल त्याच्या उलट सांगायचं. सौनाला तळ्याच्या बाजूनं दार हवं होतं, म्हणून मी महिनाभर रस्त्याच्या बाजूचं मागितलं. दार तळ्याकडं आहे. असा संसार केलाय मी.

१८ जुलै, शुक्रवार. दाब १५०/८८.

आणल्या एकदाच्या! काठोकाठ बादली. आणि काय साफ! एक पान नाही, एक काडी नाही, एक हिरवी बेरी नाही. आयुष्यभर मी या माणसाच्या मागे लागलेय की दातेरी खोरं झुडपातून असं ओरबाडू नकोस, निम्मं जंगल घरी आणतोस. दर वर्षी मी तासन्‌तास पाला निवडत बसते. आज मोती ओतल्यासारख्या ओतल्या.

मी चक्क कौतुक केलं. म्हटलं, “म्हाताऱ्या, बहात्तराव्या वर्षी का होईना, शिकलास.” तर तोंड फिरवून बाहेर गेला. यांचं कौतुक करायचीही सोय नाही.

कानामागे, मानेवर, डासाचा एक चट्टा नाही. मी अंगणात दोरीवर दोन चादरी घातल्या तर हात सुजलेत. देव पण माणसं बघून डास सोडतो.

१९ जुलै, शनिवार. दाब १७८/९९.

पाई बिघडली.

नेहमीचंच सगळं. खाली राय घातलेलं लोणी-पीठ, वर बेऱ्या, वर अंडं आणि साखर घोटलेली आंबट साय. सव्वीस वर्षांत माझ्या हाताला वजनकाटा लागलेला नाही. आणि आज कापली तर खालचा थर भिजून लगदा, साय जांभळी, ताटलीत पाणी. ताजी बेरी अशी रडत नाही. ती भट्टीत फुटते, पण रस आपल्यापाशी धरते.

ओव्हनच गेलाय. खालची कांब नीट तापत नसणार. ताइस्तोला म्हटलं, तर म्हणाला, “असेल.” एवढंच. एरवी ओव्हनबद्दल बोललं की अंगावर येतो, त्यानं बसवलाय ना.

२२ जुलै, मंगळवार. दाब १७२/९४.

मिन्नाचा टाम्पेरेहून फोन. मुलगी असून बोलायची तऱ्हा बघा: “आई, बाबांनी परवा एकाच फोनमध्ये मला तीनदा विचारलं की गाडीचे टायर बदललेस का. जुलैमध्ये. तुझ्या लक्षात येतंय ना काही?” मी म्हटलं, बापाला काळजी वाटते म्हणून विचारतो, तुला काळजीचीही अडचण होते का? महिन्यातून एकदा फोन करायचा आणि दोष काढायचे. फोन ठेवून दिला. मग वाईट वाटलं. मग परत राग आला.

फ्रीजर आवरला. शुक्रवारच्या उरलेल्या बेऱ्या ताइस्तोनं आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात भरून ठेवल्यात. झाकणावर साल लिहायची आमची रीत. लिहिलंय १९९८. इतका निष्काळजीपणा! आणि डबा हलवला तर खडखडत नाही. ताजी बेरी गोठली की गोट्यांसारखी सुटी सुटी होते, ही तर एकच शिळा झालीय. फ्रीजर पण गेला की काय? सगळी यंत्रं एकाच वर्षी म्हातारी झाली या घरातली.

२३ जुलै, बुधवार. दाब घेतला नाही, यंत्र फेकावंसं वाटत होतं.

नवीन बटाट्याचं पीठ आणलं, बेऱ्यांवर दोन चमचे जास्त भुरभुरलं. ओव्हन वीस अंश चढा ठेवला. तरी पाणी.

धक्क्यावर गेले तर साइला मला आत बोलावते. साइला म्हणजे मी जिला शाळेत वाटीभर जास्त खीर द्यायचे ती. आता दाराआड उभी राहून कुजबुजते.

“हिल्का, राग मानू नकोस.”

“म्हणजे मानण्यासारखंच आहे.”

“एक बाई म्हणाली, हेल्सिंकीची आहे… म्हणाली, या बेऱ्या फ्रीजरच्या आहेत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेर आले. पाच-सहा टेबलं भरलेली, पेंती पण होता, आणि ती बाई काळा चश्मा लावून माझी पाई चमच्यानं उलटीसुलटी करत होती, मेलेला उंदीर तपासावा तशी.

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, “माझ्या नवऱ्याला या तालुक्यात बेऱ्यांचा राजा म्हणतात. त्यानं काल तोडलेल्या बेऱ्या आहेत या. जुलैत माझ्या पाईत एक जरी फ्रीजरची बेरी निघाली ना, तर ही पाटी मी माझ्या हातानं उपटीन!”

बाई म्हणाली, “मला फक्त चवीवरून वाटलं.”

“चव तुमच्या हेल्सिंकीत राहिली,” मी म्हटलं.

पेंती कॉफीत हसला. घरी येऊन सगळं ताइस्तोला सांगितलं. वाटलं, तोही पेटेल, उठून जाईल, पेंतीची गचांडी धरील. त्यानं बटाटे सोलायला घेतले. इतके बारीक सोलले की हाताशी काही उरलंच नाही. म्हणाला, “पाटी कशाला मध्ये आणलीस?”

माझा अपमान झाला आणि याला पाटीची पडलीय.

२५ जुलै, शुक्रवार. दाब १७५/९७.

दिवसभर धो धो पाऊस. ताइस्तो सहा तास रानात. बादलीभर बेऱ्या, पुन्हा तशाच निवडल्यासारख्या. बुटांना चिखल नाही म्हणून मला फरशी पुसावी लागली नाही, हेच काय ते सुख. पण जेवला नाही. विचारलं तर म्हणाला, “गाडीत खाल्लं.” जंगलात जातोस की गाडीत बसायला जातोस?

२६ जुलै, शनिवार. दाब १८१/१०२.

मी चार पाई केल्या, चारही फेकल्या. साइलाला फोन करून सांगितलं, आज नाही. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.

ती म्हणाली, “तब्येत बरी नाही का?” मी म्हटलं, “माझी ठणठणीत आहे, माझ्या ओव्हनची नाही.” ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याचा जास्त राग आला. नाचता येईना अंगण वाकडं, असंच मनात म्हणाली असणार.

खरंच हात गेलाय का माझा? अडुसष्ट म्हणजे काही फार नाही. आई नव्वदीपर्यंत भाजत होती. स्वयंपाकघरात एकटी बसून मी पीठ मळलेल्या हातानं रडले. हे नर्सला दाखवणार नाही, ही पानं चिकटवून टाकीन.

२८ जुलै, सोमवार.

सौनासाठी लाकडं आणायला गेले. बर्चच्या ढिगाची मागची रांग ओढली तर मागून प्लास्टिक. दुकानातल्या फ्रोजन बेऱ्यांच्या पिशव्या. नीट घडी घालून, रबर लावून ठेवलेल्या. मी तिथंच ओंडक्यावर बसून मोजल्या. सतरा.

जंगली बेऱ्या. साफ केलेल्या. एकसारख्या.

आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय! मी ओव्हनला शिव्या घालतेय, पिठाला, फ्रीजरला, त्या चश्मेवालीला, आणि हा माणूस दुकानातून गोठलेल्या बेऱ्या आणतो, वितळवतो, बादलीत ओततो आणि माझ्यासमोर ठेवतो. धक्क्यावर मी याच्या नावानं शपथ घेतली तेव्हा हा बटाटे सोलत होता! आळशी! खोटारडा! कंबर वाकत नाही म्हणायचं होतंस, रान नको झालं म्हणायचं होतंस, मी काय खाल्लं असतं तुला?

पिशव्या होत्या तशा मागे ठेवल्या. उद्या रंगेहाथ पकडते.

२९ जुलै, मंगळवार.

तो गाडीनं गेला, मी सायकलनं. मला वाट विचारायची गरज नाही.

आता लिहितेच, काय व्हायचं ते होऊ दे. त्याची जागा मला सत्त्याऐंशीपासून माहीत आहे. आमच्याकडं माणूस बँकेचा आकडा सांगेल, बेऱ्यांची जागा सांगणार नाही. ताइस्तोला ती त्याच्या आजोबांनी मरता मरता सांगितली. त्यानं मला कधी सांगितली नाही. गाडी वेगवेगळ्या ठिकाणी लावायचा, वळसे घालून जायचा, म्हणून मला संशय आला की दुसरी बाई आहे. मिन्ना दोन वर्षांची होती, तिला आईकडं ठेवून मी मागोमाग गेले. दुसरी बाई नव्हती. फुटक्या धोंड्यामागची उतरण होती आणि ती सगळी निळी होती. मी गुपचूप परत आले. अडतीस वर्षं बोलले नाही. त्याला वाटतं मला ठाऊक नाही. वाटू दे.

तर आज. जंगलातला रस्ता जिथं दुभागतो तिथं त्याची गाडी उभी होती. मी सायकल टाकून झाडांमागून गेले, तोंडात शिव्या तयार.

बॉनेटवर दोन पिशव्या उन्हात वितळत ठेवल्या होत्या. ताइस्तो आत बसला होता, स्टिअरिंगमागे, मांडीवर रिकामी बादली. तो डावीकडच्या रस्त्याकडं बघत होता. मग उजवीकडच्या. मग परत डावीकडं. एकदा उतरला, डावीकडं वीस पावलं गेला, थांबला, उजवीकडं गेला, परत आला, दार लावून घेतलं. मग हातावर बोटानं काहीतरी काढत बसला, नकाशा काढावा तसं. ज्या माणसानं पन्नास वर्षं हे रान पायाखाली घातलं तो.

मी तासभर उभी होते. डासांनी फोडून काढलं. किती वेळा ठरवलं की जाऊन काच ठोठवावी. गेले नाही. मला इतका राग आला होता, आणि कोणावर काढावा तेच कळेना. मिन्नावर आला, तिला आधी कळलं म्हणून. नर्सवर आला, मला काय मोजायला सांगते, त्याला मोज की. स्वतःवर आला. तीनदा तर मी त्याला रिकामटेकडा म्हटलं असेन या महिन्यात.

तो कोणाला विचारणार? विचारायचं म्हटलं तर जागा सांगावी लागते.

पिशव्या मऊ झाल्या तशा त्यानं बादलीत ओतल्या आणि प्लास्टिकची नीट घडी घातली. मी आडवाटेनं त्याच्या आधी घरी पोचले. त्यानं बादली टेबलावर ठेवली. मी म्हटलं, “आज उशीर झाला.” तो म्हणाला, “लांब जावं लागलं.”

३१ जुलै, गुरुवार. दाब १६०/९०.

मिन्नाला फोन केला. डॉक्टरची वेळ घ्यायला सांगितली. ती रडायला लागली तर मी ओरडले, “रडू नकोस, वेळ घे!” बारा तारखेची मिळालीय. ताइस्तोला अजून सांगितलं नाही. ‘डॉक्टरकडं अजिबात जायचं नाही हं’ असं म्हणून बघीन.

१ ऑगस्ट, शुक्रवार.

काल त्यानं आणलेल्या बेऱ्या मुकाट कोंबड्यांना घातल्या. फ्रीजरच्या तळाशी गेल्या वर्षीचे दोन डबे होते, साल बरोबर लिहिलेलं, अक्षर सरळ. हलवले तर खडखडले. त्याच काढल्या.

गोठलेली बेरी वितळू द्यायची नसते. ही अक्कल इथल्या पोरीबाळींना सुद्धा असते, पण ताइस्तोनं जन्मात पाई केली नाही, त्याला कुठून कळणार. दगडासारखी असतानाच घ्यायची, बटाट्याच्या पिठात घोळायची, खाली सुक्या पावाचा चुरा पेरायचा आणि थेट भट्टीत. दहा मिनिटं जास्त. मग ती एक थेंब सांडत नाही. गोठलेल्याच आणून दिल्या असत्यास, मूर्खा, तर मी सांभाळून घेतलं असतं. वितळवून, ताज्या म्हणून आणल्यास म्हणून बिघडलं सगळं.

पाई झाली. कापली, सुरीला पाणी नाही. ओव्हनची माफी मागितली.

२ ऑगस्ट, शनिवार.

शपथ घेतली होती ती सर्वांसमक्ष. तेव्हा फेडायचीही सर्वांसमक्ष.

दोन पाई साइलाच्या टेबलावर ठेवल्या आणि पिशवीतून हातोडा काढला. शनिवार असल्यानं धक्का भरलेला. ताइस्तो माझ्याबरोबर आला होता, कॉफी घेऊन पेंतीशेजारी बसला होता. मी खुर्चीवर चढले आणि पाटीचे खिळे उचकटले. चौथा खिळा निघेना, तेव्हा मला इतकी चीड आली की पाटीचा कोपरा फुटला.

साइला धावली. “हिल्का, हे काय?”

“बाई बरोबर बोलली होती,” मी म्हटलं. “जुलैभर फ्रीजरच्या बेऱ्या घातल्या मी. ही पण फ्रीजरचीच. हवी तर खा, नको तर राहू दे.”

“पण ताइस्तो तर रोज बादली घेऊन…”

“ताइस्तो रोज जातो, रोज आणतो. त्याच्या मी हिवाळ्यासाठी ठेवून देते. मला निवडायचा कंटाळा येतो. म्हटलं, उन्हाळी पाहुण्यांना काय कळतंय.”

धक्क्यावर कोणी बोलेना. साइलाचं तोंड मी विसरणार नाही. शाळेत एखाद्या पोरानं ताट फेकलं की मी जशी बघायचे तशी ती माझ्याकडं बघत होती. पेंतीला तर सणच झाला. म्हणाला, “आणि आम्हाला इतकी वर्षं ऐकवत होतीस!” मी म्हटलं, “ऐकत होतास ही तुझी चूक.”

तेवढ्यात ताइस्तो उठला. मला वाटलं, आता तो सांगणार. पोटात गोळा आला. मी डोळ्यांनी दटावलं, गप्प बस म्हणून.

“हिल्का!” तो ओरडला. असा आवाज वर्षभरात ऐकला नव्हता. “माझ्या घरात? जुलैत? मी रानात मर मर मरायचं, डास खायचे, आणि तू दुकानच्या बेऱ्या घालतेस? आजोबा थडग्यातून उठतील माझे!”

त्याचे हात थरथरत होते. खरा राग होता. नाटक करायला हा माणूस कधी शिकला नाही. विसरला का? की आठवतंय म्हणूनच इतका चिडला? मला कळलं नाही. दोन्हीतलं कोणतं बरं, तेही कळलं नाही. मी म्हटलं, “चुकलं माझं.” हे शब्द माझ्या तोंडून ऐकून पेंतीनं कप खाली ठेवला.

“उद्या चल माझ्याबरोबर,” ताइस्तो म्हणाला, सगळ्यांदेखत. “बेऱ्या कुठं असतात ते दाखवतो तुला.”

आता तर गावच गप्प झालं. बायकोला जागा दाखवतो म्हणणारा माणूस इथं कोणी पाहिला नव्हता.

साइला आमच्यामागे गाडीपर्यंत आली, पाटी माझ्या हातात दिली आणि काही न बोलता परत गेली. खीर जास्त द्यायला नको होती.

३ ऑगस्ट, रविवार.

गेलो.

सकाळी तो खुशीत होता, शीळ घालत होता. रस्ता दुभागतो तिथं गाडी आली आणि शीळ थांबली. पाय ब्रेकवर. मी खिडकीबाहेर बघत म्हटलं, “उजवीकडं घे. उजवा रस्ता चांगला दिसतोय.”

“तुला काय कळतंय रस्त्यातलं?” तो फिस्कारला आणि गाडी डावीकडं वळवली.

बरोबर.

गाडी लावून चालत निघालो. ओढ्यापाशी तो घुटमळला. मी म्हटलं, “हे बघ, ओढा ओलांडायचा नाही, माझे बूट नवे आहेत.” तो म्हणाला, “मग घरी बसायचं होतंस,” आणि ओलांडला. पडलेल्या स्प्रूसपाशी मी म्हटलं, वळसा घालून जाऊ. तो वरून चढून गेला आणि मला हात दिला. मी कुरकुरत होते, तो चिडत होता, आणि प्रत्येक पाऊल बरोबर पडत होतं. मला वाटलं, जमलं. अशी जन्मभर उलटं बोलून नेईन याला. उलटं बोलण्यात माझा हात कोण धरणार?

मग फुटका धोंडा आला. डावीकडून मागे गेलं की उतरण. उजवीकडं दलदल, गुडघाभर.

ताइस्तो थांबला. धोंड्यावर तळवा ठेवला, एखाद्या गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

मी म्हटलं, “उजवीकडं जाऊ.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. डोळे अगदी शांत. “बरं,” म्हणाला. “तू म्हणतेस तर उजवीकडं.”

आणि गेला की उजवीकडं! बादली हलवत, निमूट, शाळेतल्या पोरासारखा.

माझे पाय हलेनात. चव्वेचाळीस वर्षं मी देवाकडं हेच मागत होते, की या माणसानं एकदा, एकदा तरी माझं ऐकावं. “ताइस्तो!” मी किंचाळले. “थांब! अरे भांड ना माझ्याशी!”

तो वळला. एक बूट चिखलात. “कशाला?” म्हणाला.

मी गेले, त्याची बाही धरली आणि ओढतच डावीकडं नेलं. धोंड्यामागून, जुनिपरमधून, खाली. कुठं पाय ठेवायचा ते मला त्याच्यापेक्षा जास्त पाठ होतं. आणि होती उतरण. सत्त्याऐंशीसारखीच. निळीशार, कोणी हात न लावलेली, कारण दोन उन्हाळे इथं कोणी आलंच नव्हतं. गेल्या वर्षीचे ते डबे त्यानं दुसरीकडून कुठून तरी भरले होते, ते आता ध्यानात आलं.

तो बराच वेळ उभा राहिला. मग हळूहळू त्याचा चेहरा जागेवर आला. त्यानं उतरण बघितली, माझा हात बघितला, स्वतःची बाही बघितली.

“तुला केव्हापासून माहीत?”

“सत्त्याऐंशी.”

“कोणी सांगितलं?”

“मागून आले. वाटलं, दुसरी बाई आहे.”

“अडतीस वर्षं!” तो गरजला. रानातली पाखरं उडाली. “अडतीस वर्षं मी वळसे घालून येतोय! गाडी दोन-दोन किलोमीटर लांब लावतोय! गुडघे गेले माझे! आणि तू… चोर! चोरटी म्हातारी!”

“ओरड,” मी म्हटलं. “अजून ओरड.”

तो ओरडला. मग पाठ फिरवून तोडायला लागला, दातेरी खोरं दाण दाण चालवत. दोन तास बोलला नाही. मी दुसऱ्या टोकाला तोडत होते आणि मध्ये मध्ये त्याची पाठ बघत होते. डासांनी दोघांनाही सोडलं नाही.

परतीच्या वाटेवर ओढ्याजवळ तो एकदाच म्हणाला, माझ्याकडं न बघता, “मिन्नाला दाखवून ठेव.”

घरी आल्यावर त्यानं बादली टेबलावर उपडी केली. पानं, काड्या, मॉस, हिरव्या बेऱ्या, एक कोळी, दोन मुंग्या. निम्मं जंगल.

“हे काय आणलंस?” मी म्हटलं. “एवढा पाला?”

“मग निवड,” तो म्हणाला आणि सौना तापवायला गेला.

संध्याकाळपर्यंत निवडत बसले होते.